शिफ्टवरचे शिरसाठकाका

शिरसाठकाका कुठलंही बटण सांगितल्याशिवाय दाबत नाहीत. लिफ्टमध्ये शिरले की मोठ्यानं म्हणतात, "तिसरा मजला दाबतोय." मग, "दाबला." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये नोकरी झाली, तिथली सवय. घरातला गीझरसुद्धा घोषणेशिवाय चालू होत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये मी नुकतीच राहायला आले होते. सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"दाबू?"

"दाबा."

"दाबलं. सोडू?"

"अहो, सोडा लवकर. सगळं बिघडवलंत."

माझा चहा कपातच राहिला. कोण कुणाचं काय दाबतंय? धावत पलीकडे गेले तर दार उघडंच.

आत शालिनीकाकू कॉम्प्युटरसमोर, आणि शेजारच्या खुर्चीत काका, एक बोट शिफ्टच्या बटणावर. अर्धांगवायूनं काकूंचा डावा हात गेलेला. उजव्या हातानं त्या येवल्यातलं आपलं लहानपण टाइप करत होत्या. नुसतं बटण दाबलं तर क, शिफ्ट धरून दाबलं तर ख. तसंच ग चा घ, द चा ध. शिफ्ट स्वतः काही उमटवत नाही, दुसऱ्याचं अक्षर तेवढं बदलतं. "माझ्याकडे एवढंच खातं," काका म्हणाले. त्यांचं लक्ष उडालं की घराचं 'गर' व्हायचं, सोडायला उशीर झाला की खिरीची 'खईर'.

"झोपलात का?" काकू विचारायच्या.

"स्टँडबायवर होतो."

मध्यंतरी मला कॉम्प्युटरमध्ये एक सोय सापडली. शिफ्ट धरून ठेवायला नको. एकदा दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं. काका भाजीला गेले होते तेव्हा मी ती चालू करून दिली. काकूंनी एकटीनं 'धनधान्य' लिहिलं आणि खुदकन हसल्या.

काका आले, पिशवी ठेवली, खुर्चीत बसून बोट पुढे केलं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "आता माझं मला जमतं."

काका उठून बाल्कनीत गेले. मला वाटलं, सुटले बिचारे. शाबासकी मिळेल म्हणून मागोमाग गेले, तर त्यांचे डोळे भरलेले. मी हादरलेच.

"नोकरीभर शिफ्ट ड्युटी केली गं," ते म्हणाले. "ती जागी, तेव्हा मी झोपलेलो. लहानपणी ती विहिरीत सूर मारायची, बँडवाल्यांच्या मागे गावभर फिरायची, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. एवढ्या संसारात मी कधी विचारलंच नव्हतं."

मी आत आले, तर काकूही हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"ते बंद करून टाक," त्या हळूच म्हणाल्या. "भराभर होतं, पण मध्येच 'मग काय झालं' असं कुणी विचारत नाही."

मी बंद केलं. काकूंनी उजव्या हातानं रिकामी खुर्ची आपल्याजवळ ओढून घेतली.