सिग्ने टोलेफसनसाठी नावाजलेलं कॉलेज

संस्थेची थोरवी ती कोणाला आत घेते यावरून ठरत नाही. किती जणांना दारातून परत पाठवते यावरून ठरते. हे तत्त्व एकदा मान्य केलं की कॉलेज निवडणं अगदी सोपं. जिथे आपल्या मुलीला प्रवेश मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, तेच तिच्यासाठी सगळ्यात योग्य.

मार्लिस टोलेफसनला हे कोणी शिकवावं लागलं नाही. मिनेसोटातल्या एका लहान गावात ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा नेमून देत असे. ज्या डॉक्टरची वेळ तीन महिने मिळत नाही, त्याच्याकडूनच दात काढून घ्यायला माणसं हट्टानं येतात, हे ती एकोणीस वर्षं बघत होती. त्यामुळे सतरा वर्षांच्या सिग्नेनं "मला संगीत नाटकातच पदवी घ्यायचीय" असं जाहीर केलं, तेव्हा मार्लिसनं घाबरून न जाता एक तक्ता आखला. शंभरपैकी पंच्याहत्तर गुण प्रतिष्ठेला, वीस इमारतीला, पाच शिकवण्याला. (मुलीला तिथे बरं वाटेल का, असाही एक रकाना होता, पण कागदाची रुंदी कमी पडली.)

प्रतिष्ठा मोजायची साधनं तीन. पहिलं, इंटरनेटवरच्या याद्या. अशा सतरा याद्या मार्लिसनं तपासल्या. त्यांतली सर्वांत विश्वासार्ह यादी औषधशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं केली होती. आपण एकही नाटक पाहिलेलं नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे तळाशी नमूद केलं होतं. दुसरं, इंटरनेटवरचाच तेवीस हजार आयांचा एक गट. यात ज्यांच्या मुलांना एखाद्या कॉलेजनं प्रवेश नाकारला, त्या आया त्याच कॉलेजातल्या शिक्षणाच्या दर्जाबद्दल सगळ्यात खात्रीनं लिहीत.

तिसरं साधन मार्लिसचं स्वतःचं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ती मैत्रीण आर्डिस ब्रेकेपुढे सहज एखाद्या कॉलेजचं नाव टाकायची, आणि आर्डिसचा "ओऽऽ" किती लांबतो ते मनात मोजायची. आर्डिसला संगीत नाटकातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तिचं मत निःपक्षपाती होतं. बहुतेक कॉलेजं एका सेकंदात संपली. हॅदरिंग्टनला मात्र तिनं हातातला केक बशीत ठेवला आणि पूर्ण चार सेकंद "ओऽऽऽऽ" केलं.

"तेराशे मुली येतात," मार्लिसनं घरी येऊन आनंदानं सांगितलं. "घेतात फक्त सहा!"

तिचा नवरा व्हर्लिन हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ उपसणारी गाडी चालवायचा. तो आकड्यांत फारसा पडत नसे. "आपल्या गोठलेल्या तळ्यात भोक पाडून बसलो ना, तरी याहून लवकर मासा लागतो," तो म्हणाला.

"म्हणूनच तुझ्या तळ्याला कोणी विचारत नाही," मार्लिस म्हणाली.

फेब्रुवारीत मायलेकी शिकागोला गेल्या. तिथल्या एका हॉटेलात देशभरची कॉलेजं खोल्या घेऊन बसतात आणि मुलं मजल्यामजल्यांवर ऑडिशन देत हिंडतात. लिफ्टमध्ये गाणं चालू होतं, जिन्यात गाणं चालू होतं, बायकांच्या स्वच्छतागृहात तर तीन वेगवेगळ्या सुरांत चालू होतं. सगळ्या मुलींनी, आपण वेगळं दिसावं म्हणून, गडद निळा झगा घातला होता.

हॅदरिंग्टनची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. सिग्ने आत गेली आणि मार्लिसच्या घड्याळाप्रमाणे बावन्न सेकंदांत बाहेर आली.

"काय झालं?"

"गायले. ते कोशिंबीर खात होते. मग 'थँक यू' म्हणाले."

"वर बघितलं का?"

"डब्याचं झाकण सापडत नव्हतं तेव्हा बघितलं."

मार्लिसला भरून आलं. इतकी बेपर्वाई साध्यासुध्या कॉलेजला परवडत नाही. तिनं प्रतिष्ठेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले. दोघी खाली आल्या. तळमजल्यावर, हॉटेलच्या धुलाईखोलीजवळ, सिग्नेच्या बुटाचा पट्टा तुटला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

शेजारचं दार उघडलं. लोकरी बंडी घातलेला, साठीचा एक माणूस बाहेर डोकावला. दारावर कागद चिकटवला होता : 'वेस्ट फोर्क कॉलेज, नेब्रास्का'. रांग नव्हती.

"बूट इकडे द्या," तो म्हणाला. "मी ओडेल फेन्स्के. नाटक शिकवतो. कपडेपटही माझ्याचकडे आहे." त्यानं खिशातून सुई काढली आणि पट्टा शिवून दिला. मग म्हणाला, "गायचंय? मला वेळ आहे."

मार्लिसला त्याच्या शेवटच्या वाक्याची दया आली. ज्याला वेळ आहे, त्याचं कॉलेज कसं असेल हे उघडच होतं. पण बूट शिवून घेऊन तसंच निघणं बरं दिसेना.

सिग्नेचं गाणं घर सोडून निघालेल्या मुलीचं होतं. तिनं ते नेहमीसारखं म्हटलं. स्वर स्वच्छ, हात जिथे वर जायचे तिथे वर. फेन्स्केनं मध्येच थांबवलं.

"हे कोणाला सांगतेयस?"

"तुम्हाला."

"मी तुझा कोण? मी तर फक्त बूट शिवला." त्यानं कोपऱ्यात पर्स धरून बसलेल्या मार्लिसकडे बघितलं. "बाई, तुम्ही जरा इथे उभ्या राहता? हातातला तो तक्ता खाली ठेवा. हं, आता तिला सांग. गाऊ नकोस. सांग."

सिग्ने आईकडे बघून गायला लागली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला आणि तिनं तो सावरला नाही. ती पुढे गात राहिली. ही मुलगी ऑगस्टमध्ये खरंच घरातून जाणार आहे, ही माहिती मार्लिसला दोन वर्षं होती. ती तिला त्या क्षणी कळली. फेन्स्केनं चाळीस मिनिटं घेतली. त्या वेळात कोणीही काही खाल्लं नाही.

गाडीत बसल्यावर मार्लिसनं वेस्ट फोर्कला शंभरपैकी नऊ गुण दिले. (डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे बेरीज दोनदा करावी लागली.) त्या रविवारी आर्डिसचा अभिप्रायही आला : "नेब्रास्का? तिकडे वारा फार असतो ना?"

मार्चमध्ये फेन्स्केचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. सिग्नेला प्रवेश होता. मार्लिसला धक्का बसला. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा? हॅदरिंग्टननं प्रतीक्षायादीत टाकलं होतं. नुसत्या प्रतीक्षायादीलाच चर्चच्या तळघरात तीन सेकंदांचा "ओऽऽ" मिळाला, आणि मार्लिसनं केकचा आणखी एक तुकडा घेतला.

एप्रिल संपायला दोन दिवस असताना हॅदरिंग्टनचं पत्र आलं. एक जागा रिकामी झाली होती. उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. मार्लिसनं ते जेवणाच्या टेबलावर, बटाट्याच्या गरम भांड्याशेजारी ठेवलं आणि सगळ्यांचे हात पुसून होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

सिग्नेनं वाचलं. "आई, हे पत्र 'सिडनी' नावाच्या मुलीला आलंय."

"छापताना होतं असं. तेराशे मुली असतात!"

"फेन्स्केंनी माझ्या नावाचा उच्चार विचारून घेतला होता."

"त्यांच्याकडे मुली किती? चार!"

"हो," सिग्ने म्हणाली. "म्हणूनच मी तिकडे चाललेय."

मार्लिसनं नवऱ्याकडे बघितलं. व्हर्लिननं तोंडातला बटाटा गिळला. "सिडनीला पाठव हॅदरिंग्टनला," तो शेवटी म्हणाला. "आपलीला जाऊ दे तिला जायचंय तिकडे."

मार्लिस उठून भांडी घासायला लागली. शेजारणी, दवाखान्यातले रुग्ण, तेवीस हजार आया, सगळ्यांना सांगायची वाक्यं तिनं तयार ठेवली होती, आणि त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. पातेलं तीनदा घासून झाल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "तिकडे वारा असतो. जाड कोट लागेल."

ऑक्टोबरात ती नऊ तास गाडी चालवून वेस्ट फोर्कला गेली. धान्याच्या जुन्या कोठारात नाटक होतं, प्रेक्षक एकसष्ट. सिग्ने खाणावळवाली झाली होती आणि तिला एकच गाणं होतं. ते संपलं तेव्हा शेजारच्या अनोळखी शेतकऱ्यानं काही न विचारता मार्लिसपुढे आपला रुमाल धरला. तिनं तो घेतला, आणि परत करायचा राहूनच गेला.

ही हकीगत छापायला देण्यापूर्वी प्रस्तुत लेखकानं ती अकरा सुविद्य, कलाप्रेमी वाचकांना दाखवली. ते गाणं कोणतं होतं, असं एकानंही विचारलं नाही. नऊ जणांनी विचारलं, की मुलगी पुढे ब्रॉडवेवर पोचली का. आणि दोघांनी, हॅदरिंग्टनला अर्ज कधीपर्यंत करायचा असतो. बारावे वाचक तुम्ही, आणि तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न लेखकाला दिसतोच आहे. तो त्या अकरांच्या खाली नोंदवून घेतला आहे.