कोब्यावर अडलेला नवरदेव

लग्नाची वेळ बारा एकतीसची होती आणि बाराला पाच कमी असताना नवरदेव अजून दूध डेअरीपुढे घोडीवर बसून होता. वडगाव निंबाळकरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. देवाच्या पाया पडून तो निघाला, त्याला सव्वा तास झाला होता. मुलीचा बाप दत्तोबा मांडवाच्या दारात उभा राहून फेट्याखालचा घाम पुसत होता. चार दिवस त्याची पाठ जमिनीला लागली नव्हती.

"भटजी काय म्हणत्यात?" त्याने बायकोला विचारलं.

"येळ टळली तर थांबणार न्हाय म्हणत्यात," बनाबाई म्हणाली. "भिगवणला दुसरं लगीन हाय त्यास्नी. आन फुडचा मुहूर्त पंधरा दिसांनी."

पंधरा दिवसांनी पुन्हा मांडव, पुन्हा आठशे पानं, पुन्हा हेच पाहुणे. दत्तोबाला उभ्या उभ्या बसावंसं वाटलं.

याला कारण एकच. मागच्या दिवाळीच्या तोंडावर मायकेल जॅक्सन मुंबईत येऊन नाचून गेला. तो बिचारा नाचला आणि विमानात बसून निघून गेला. निस्तरणं मात्र दत्तोबाच्या वाट्याला आलं. नवरदेवाचा चुलतभाऊ युवराज तो नाच बघायला निरवांगीहून मुंबईला गेला होता. तिकीट काही मिळालं नाही, मैदानाच्या भिंतीबाहेर उभं राहून नुसता आवाज ऐकून आला. पण तेव्हापासून उजव्या हातात जॅक्सनसारखा एक पांढरा मोजा घालून तो उसाला पाणी देत असे.

नाचातली त्याची लाडकी चाल एकच होती. पाय पुढे चालल्यासारखे दिसतात आणि माणूस घसरत मागे जातो. मुरमाच्या रस्त्यावर हे जमत नाही, म्हणून सगळे गुमान डेअरीपर्यंत आले होते. डेअरीपुढे मात्र गुळगुळीत कोबा होता. त्यावर कुणीतरी तरुण मंडळातली कॅरमची पावडर आणून शिंपडली आणि मिरवणुकीचा कारभार आटोपला. युवराज मागे घसरला की बँडवाले मागे सरत, बँड मागे आला की घोडी मागे सरे. मघाशी डेअरीच्या पुढे गेलेला नवरदेव आता परत देवळाकडे निघाल्यासारखा दिसत होता.

दत्तोबा तरातरा आला. व्याही सर्जेराव लिंबाखाली पान लावत बसले होते.

"पाव्हणं, येळ व्हत आली."

"नाचू द्या की पोरास्नी, दत्तोबा. लगीन काय रोज हाय व्हय?"

मुलीच्या बापाने याहून जास्त बोलायचं नसतं. तो बँडमास्तरकडे वळला.

"मास्तर, जरा फुडं चला की."

"कुठं जाऊ फुडं? फुडचा गडी माज्याच अंगावर येतुय," मास्तर म्हणाला आणि पुन्हा क्लॅरिनेट तोंडाला लावली.

शेवटी दत्तोबा मांडवाच्या बाजूने कोब्यावर चढला आणि युवराजसमोर हात जोडायला गेला. वहाणा नव्या, करकरीत, खाली पावडर. हात जोडले आणि पाय सुटले. कुणी दुसरा असता तर आपटला असता. पण दत्तोबाचं बालपण मेंढरांमागे डोंगर चढण्यात गेलं होतं. एक हात फेट्यावर, एक हवेत, असा तो चांगला चार हात मागे घसरत गेला आणि उभाच राहिला.

बँड थांबला. मग शिट्ट्यांनी डेअरी दणाणली. युवराजने हातातला मोजा काढून स्वतः दत्तोबाच्या हातात घातला.

"तात्या, पुन्ना एकदा."

दत्तोबा शिवी देणार होता, तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. त्याला जवळून बघायला युवराज, बँड, घोडी, सगळे चार हात पुढे सरकले होते. त्याला बाप आठवला. मेंढरं ओढ्याकाठी अडली की बाप त्यांना मागून मारत नसे. त्यांच्यापुढे होऊन, त्यांच्याकडे तोंड करून, हाका देत मागे मागे चालत राही, आणि कळप मुकाट मागोमाग येई.

दत्तोबाने मांडवाकडे पाठ केली आणि मागे घसरत निघाला. कोबा संपला, मुरूम लागला, घसरणं बंद झालं. आता तो नुसता टाचा फरपटत उलटा चालत होता, पण मोजा घातलेला हात वर होता आणि तेवढ्यावर सगळं भागलं. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. सर्जेरावही पान टाकून आले. बारा एकोणतीसला दत्तोबाची पाठ मांडवाच्या खांबाला टेकली.

लग्न वेळेवर लागलं.

संध्याकाळी रोहिणी बापाच्या गळ्यात पडून रडली आणि जीपमध्ये बसली. दत्तोबा युवराजला मोजा परत द्यायला गेला, तर तो घेईना. "ऱ्हाऊ द्या तात्या, तुमालाच शोभतुय." जीप सुटली. दत्तोबाला घराकडे फिरायचं होतं, पण जीपकडे पाठ करवेना. मग त्याचे थकलेले पाय आपोआप एकेक मागे पडू लागले. पारावरच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. त्याने मोज्याने डोळे पुसले, तोही पोरांना नाचच वाटला. जीपच्या मागच्या काचेत रडणारी रोहिणी मात्र खुदकन हसली.

"आवं, म्होरं बघून चाला," बनाबाई म्हणाली. "सपलं आता सगळं."

"जीप फाट्याला वळू दे," दत्तोबा म्हणाला आणि आणखी एक पाऊल मागे गेला.