ठकूमावशीची दहा बोटं

ठकूमावशीच्या दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. प्रत्येक बोटाला वेगळी चिंधी, अंगठ्यांना दुपदरी. वडगावात नवीन आलेल्या तलाठ्याने ते पाहिलं आणि अंगणाबाहेरूनच विचारलं, "बाई, हे दुखणं कधीपासून?"

"हे व्हय?" मावशी म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं."

तलाठी पुन्हा तिच्या अंगणाच्या जवळ आला नाही. ही गोष्ट ती प्रत्येकाला सांगत असे, आणि सांगताना बोटं वर करून दाखवत असे.

तिला दुखणं कसलंच नव्हतं. ती काचेचे मणी करायची. तिचा नवरा तळेगावच्या बाजूला काचेच्या कारखान्यात कामाला होता. त्याने परसात दोन भट्ट्या घातल्या, बायकोला काम शिकवलं आणि तीन वर्षांत तापाने गेला. भट्ट्या राहिल्या. मावशी फुटक्या काळ्या बांगड्या वितळवून मातीत बुडवलेल्या तारेवर काच वळवायची. दिवसभराच्या तारा साठल्या की संध्याकाळी त्या दुसऱ्या भट्टीत पुन्हा तापवून हळूहळू निववायच्या, नाहीतर मणी आपोआप तडकतात. या दुसऱ्या भट्टीतच डाग पडतात. काच मऊ झाली की जे टेकेल त्याचा ठसा घेते. म्हणून तारा खाचा पाडलेल्या विटांवर अधांतरी ठेवायच्या, आणि खाली आंबेमोहराच्या तुसाची राख, जुन्या लुगड्यातून तीनदा चाळलेली. मांडताना बोट लागलं तर बोटाचं तेल काचेवर भाजून बसतं. चिंध्या त्यासाठी.

डागी मण्यांचे तिने तीन प्रकार केले होते. भट्टीच्या बुडाला टेकला तो "तळ लागलेला", शेजारच्या मण्याला चिकटला तो "शेजार लागलेला", आणि न निवता बाहेर काढल्यामुळे तडकला तो "घाई लागलेला". माणसांसाठी तिला वेगळे शब्द लागत नसत. माझ्या वडिलांच्या कचेरीतले एक कारकून कित्येक वर्षं त्याच टेबलाशी बसून होते. ते तळ लागलेले. पलीकडच्या घरातल्या जावा रोज भांडत. "शेजार लागलाय. दोगींच्या मधी बोटभर जागा ठेवाया पायजे व्हती." इंदुरीच्या एका जोडप्याचं आठ दिवसांत ठरून नवव्या दिवशी लग्न लागलं, तेव्हा ती फक्त "घाई" म्हणाली आणि राख चाळत राहिली.

मी पुण्याच्या मिशनच्या शाळेत शिकले. सुटीत घरी आले की येणारेजाणारे म्हणत, काहीतरी इंग्रजी बोलून दाखव. मग मी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसे. तिथे कुणी काही म्हणायला सांगत नसे.

"साळंत बोलाया शिकवत न्हाईत जनू," ती एकदा म्हणाली.

मी हसले फक्त.

"ऱ्हाऊ दे. तू अजून भट्टीत हायेस. निवू दे सावकाश."

शाळेत मला बक्षीस म्हणून एक भिंग मिळालं होतं. ते मावशीने पाहिलं आणि माझी नेमणूक झाली. सकाळी निवलेले मणी ती परातीत ओतायची, चिमट्याने एकेक उचलून माझ्यासमोर धरायची, आणि मी भिंगातून पाहून 'हं' किंवा 'अंहं' म्हणायचं. 'अंहं' म्हटलं की मणी पुन्हा वितळवायला जाई. भिंगाचा तिला इतका नाद लागला की ती भाकरीची खालची बाजू तपासू लागली. शेजारणीने वाटीतून आमटी दिली, तर आमटीआधी वाटीचा तळ पाही. एकदा तिने माझ्या वडिलांचा नवा चष्मा नाकावरून उतरवायला लावून उन्हात धरला आणि म्हणाली, "रावसाहेब, फसवलं तुमाला. तळ लागलाय." वडील आठ दिवस चष्मा काढून काढून बघत होते.

मला एक गोष्ट मात्र कळत नव्हती. बोटाचं तेल भट्टीत भाजतं, हे ठीक. पण मणी एकदा निवला की त्याला कितीही हात लावला तरी काय होणार? तरीही परातीतल्या थंड मण्याला मावशी चिमट्याशिवाय शिवत नसे. ओवायचं काम बाजारातली कासारीण करी. मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सवय." आणि विषय बदलला. ती विषय क्वचित बदलत असे, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

माझं लग्न ठरलं. काळ्या पोतीचे मणी ठकूमावशीकडूनच घ्यायचे, असं आईने परस्पर ठरवून टाकलं. पुण्याहून आत्या आली होती. मी माजघरात होते, त्या दोघी स्वयंपाकघरात.

"वहिनी, ती बाई पांढऱ्या कपाळाची," आत्या म्हणाली. "तिच्या हातचे मणी पोरीच्या गळ्यात?"

"तिच्या हातचे नसतात," आई म्हणाली. "नवरा गेल्यापासून ती तयार मण्याला हात लावत नाही. सगळ्या मावळाला माहीत आहे. म्हणून तर तिचे चालतात."

सगळ्या मावळाला माहीत होतं. भिंग हातात घेऊन तीन वर्षं तिच्यासमोर बसलेल्या मला नव्हतं.

मणी आणायला मीच गेले. मावशीने धुतलेल्या चिंध्या कुंपणावर वाळत घातल्या होत्या. तिची उघडी बोटं मी पहिल्यांदाच पाहिली. साधीच होती, टोकाला पांढरी पडलेली. ती चिमट्याने एकेक मणी माझ्या वाटीत टाकत होती आणि मोजत होती. शेवटचा निसटला. ओट्यावरून घरंगळत कडेला गेला, खाली दगड होता. मावशीने झटकन त्याच्यावर तळहात ठेवला.

मणी वाचला. ती मात्र हात तसाच ठेवून बसून राहिली.

"ह्यो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या दुसरा देते."

"हाच द्या."

"हाताचा झाला त्यो, ताई."

मी भिंग काढलं, तिचा हात उलटा केला आणि तळहाताला चिकटलेला मणी पाहिला. "डाग नाही."

"असला डाग भिंगात घावत न्हाई."

यावर शाळेत शिकलेलं काही उपयोगाचं नव्हतं. मी तिच्या तळहातावरून मणी बोटांनी उचलला आणि वाटीत टाकून वाटी हलवली. आता तो सगळ्यांत मिसळला. "आईला सांगू नगंस," एवढंच ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

लग्नानंतर मी माहेरी जायची, तेव्हा मावशी पाणी देण्याआधी विचारायची, "जावई बरं हायेत न्हवं?" बरे आहेत, असं ऐकलं की मगच माठाकडे वळायची. एकदा यांना हिवताप झाल्याचं तिला कुणीतरी सांगितलं, तर ती लोणावळ्याला आमच्या घरी पायी आली. हे दारात उभे राहून दाढी करत होते. तिने यांना खालून वरपर्यंत पाहिलं, "बरं हाय की," म्हणाली, आणि चहासुद्धा न घेता परत गेली.

परवा गेले होते. माझ्या लग्नाला आता सहा वर्षं झाली. पाणी दिल्यावर ती म्हणाली, "त्यो मनी कंचा गं?"

"मलाही माहीत नाही."

"बगू."

मी जवळ सरकले. तिने माझ्या गळ्यातली पोत ओढून उजेडात धरली, लग्नानंतर तिच्याकडेच राहिलेलं माझं भिंग डोळ्याला लावलं आणि एक टोक पकडून सुरुवात केली. प्रत्येक मणी दोन बोटांत धरून फिरवून पाहायचा, मग पुढचा. माझी मान अवघडली. ती अर्ध्यावर चुकली, पुन्हा पहिल्यापासून लागली. शेवटी भिंग खाली ठेवलं.

"घावंना," ती म्हणाली. "सगळं सारखंच हायेत."

भट्टीत त्या दिवशी काही मांडायचं नव्हतं, त्यामुळे तिच्या बोटांना चिंध्या नव्हत्या. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी पदर नीट केला आणि आणखी पाणी मागितलं.