डबल सुईचं टोक

"सुई बदललीस की आधी चाक हाताने फिरवून बघायचं. सुई खाली जाऊन सुखरूप वर आली, तरच पायाला काम द्यायचं!"

शिवणाच्या बाई हे इतक्यांदा सांगायच्या, की वहिनींना ते पाढ्यासारखं पाठ होतं. पाठ असलेलं नेमक्या वेळी आठवतंच असं मात्र नाही.

त्या सकाळी वहिनींच्या मशीनला नवीकोरी डबल सुई लागली होती. एका दांड्याला दोन सुया, जुळ्या बहिणींसारख्या! नणंदेच्या तान्ह्या बाळाचं दुपटं चाललं होतं. आदल्या संध्याकाळी वहिनींनी फोनवर ऐटीत सांगितलं होतं, "उद्या सकाळीच ने. काठाला अशी नक्षी काढते, की बाळ रडायचं विसरून बघत बसेल!"

सरळ शिवण झकास उतरली. मग वहिनींना चेव चढला. त्यांनी नक्षीचं बटण पानांवर आणलं, रुंदी वाढवली आणि थेट पेडल दाबलं.

खट्!

पानाचं वळण घेताना सुई बाजूला सरकली आणि खालच्या लोखंडी पट्टीवर आपटली. एक बहीण शाबूत, दुसरीचं टोक गायब! मांडीवर नाही, फरशीवर नाही. म्हणजे दुपट्यात?

बरं, ओरडावं तर मौन! पूजा झाली की दहापर्यंत वहिनी बोलत नसत. लिहिणं म्हणजेही बोलणंच, हा नियमही त्यांचाच. त्या लोहचुंबक शोधायला आतल्या खोलीत धावल्या.

नेमकी तेव्हाच नणंद आली, बाळाला कुशीत घेऊन. "दादा, झालं का रे दुपटं? रिक्षा खाली थांबलीय!"

"झालं म्हणजे काय, हे बघ!" दादांनी तत्परतेने धागे कापले, घडी घातली आणि दुपटं तिच्या खांद्यावर टाकलं. दादांना घरात 'रेडिओ' म्हणत, कारण त्यांना बंद करायचं बटणच नव्हतं.

वहिनी चुंबक घेऊन आल्या, तर नणंद दारात! वहिनींनी बोटाने दंडाला टोचून दाखवलं, हातांचा पाळणा हलवला, तोंड वेडंवाकडं केलं.

"थांब, मी सांगतो! वर्षानुवर्षं हिच्या खुणा वाचतोय," दादा म्हणाले. "टोचायचं... बाळाला... अगं, डोस! बाळाचा लसीचा डोस राहिलाय, असं म्हणतेय ती!"

"अगोबाई! आजच होता की!" नणंद जिन्याकडे पळालीच.

वहिनींनी डोळे मिटले. देवा, व्रत तुझं, पण बाळही तुझंच!

"थांब! दुपटं टाक! सुईचं टोक आहे त्यात!"

आवाज असा घुमला, की शेजारची दारं उघडली आणि दादा मटकन स्टुलावर बसले. दुपटं पायरीवर पडलं, बाळाने भोकाड पसरलं.

मग दुपटं पलंगावर अंथरून तिघांनी चुंबक फिरवला. एक टाचणी निघाली, दादांची हरवलेली चावी पलंगाखालून निघाली, टोक मात्र नाही!

"वहिनी, माझ्या साडीत तर नसेल?"

"हलू नकोस!" वहिनी चुंबक घेऊन तिच्या पदराकडे वळल्या. "अहो, तुम्ही तरी गप्प बसा क्षणभर!"

"ते टोक सापडू दे," दादांनी हात जोडले, "उद्यापासून तुझ्याबरोबर मीही मौन पाळतो!"

"दादा, तू?" त्या धांदलीतही नणंदेला हसू फुटलं.

क्षणभर खरंच शांतता झाली, आणि त्या शांततेत वहिनींना बाई ऐकू आल्या. चाक! त्यांनी मशीनचं चाक हाताने हळूच फिरवलं. अर्ध्यावर ते अडलं. पट्टी काढली, तर खाली बॉबिनच्या कुशीत टोक आरामात पहुडलेलं! मोडक्या सुईला लावून बघितलं, तंतोतंत बसलं. वहिनी खाली बसून रडल्या, मग हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी नवी सुई लावली, आधी चाक हाताने फिरवलं आणि नक्षी पुरी केली. शेजारी दादा ओठ घट्ट मिटून बसले होते. वर्तमानपत्र वाचताना दोनदा तोंड उघडलं आणि मुकाट मिटलं.

बेल वाजली. वहिनींनी दुपट्यावरून चुंबक फिरवून ते दादांच्या हाती दिलं. दादा चवड्यांवर दाराशी गेले. दारात नणंद! दुपट्याकडे बोट दाखवून, टोचण्याचा अभिनय करून त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. आता काही टोचणार नाही!

"डोस?" नणंद गोंधळली. "अरे दादा, कालच दिला की!"

दादांनी वहिनींकडे आशेने पाहिलं. वहिनींनी घड्याळाकडे बोट दाखवलं.