मेल उतरत आहे

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या कार्यालयात मेल उतरायचा थांबला. थांबला म्हणणं खरं तर नियमाला धरून नाही, कारण पडद्याच्या तळाशी ‘६३ पैकी १७ वा संदेश उतरत आहे, कृपया थांबा’ अशी ओळ दिसत होती. म्हणजे तो उतरतच होता. फक्त बारा वाजले, एक वाजला, जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी सतरावाच उतरत होता. चढलेला ताप उतरतो, साहेबांचा चढलेला आवाजसुद्धा जेवणानंतर उतरतो. मेल काही उतरेना.

आमची शाखा प्रमाणपत्रांची. माणसं अठ्ठावन्न. प्रत्येकाच्या टेबलावर मशीन आहे आणि प्रत्येकाला मेल पाठवायची मुभा आहे, पण कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर आलेला मेल उतरतो तो एकाच मशीनवर, आवक टेबलावर. तिथे त्याला आवक क्रमांक पडतो. क्रमांक पडेपर्यंत आलेली गोष्ट आलेली नसते, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. तुमचेही मेल संथ आहेत का, अशी चौकशी मी बाकीच्यांकडे केली. ते मेल फक्त पाठवतात, उघडत नाहीत, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

आवक टेबलावर वहिनी बसतात. त्या नक्की कुणाच्या वहिनी, हे कुणालाच ठाऊक नाही. रुजू झाल्या त्या दिवशी शिपाई त्यांना वहिनी म्हणाला आणि तेच कायम झालं. शेजारच्या जावक टेबलावर मी बसतो, म्हणून मी आपोआप भाऊजी झालो.

फालतू मेल पाठवणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. कुणाची छत्री हरवली, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, की लगेच ‘सर्व’ या पत्त्यावर मेल. मी स्वतः दिवसाला एकच मेल पाठवतो, सकाळी नऊ पंचावन्नला, आणि तोही विधायक. ‘आजचा सुविचार’. तोपर्यंत तीन वर्षांत एक दिवस खंड नव्हता. पूर्वी त्यात नुसता मजकूर असायचा. त्या रविवारी माझ्या मेहुण्याने नवा कॅमेरा घेतला आणि सोमवारपासून मी त्याने काढलेला फोटो सुविचाराला जोडू लागलो. फोटो पाठवताना लहान करता येतो म्हणे. पण मेहुण्याच्या कलेला कात्री लावून घरी काय तोंड दाखवणार? असो, हे विषयांतर झालं.

साहेबांनी सोमवारी दुपारीच पाऊल उचललं. ‘मेल उतरत नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी व नोंद घेतल्याचे उलट मेलने कळवावे’ असा मेल त्यांनी सर्वांना पाठवला. आमच्याकडे नोंद घ्यायची रीत अशी, की आलेला मेल छापायचा, त्यावर ‘नोंद घेतली’ लिहून सही करायची, तो कागद स्कॅन करायचा आणि चित्र म्हणून परत पाठवायचा. सर्वांना. ‘सर्व’मध्ये अधिकृत पत्ताही येतो, शिवाय काहींनी नोंदींचीही नोंद घेतली, त्यामुळे मंगळवारी सकाळपर्यंत ६३ चे दोनशेच्या वर गेले होते. पुढचा आकडा तेवढा शिस्तीत होता. तो सतराच होता.

मंगळवारी अकराच्या सुमाराला वहिनींना मुख्यालयातल्या मैत्रिणीचा फोन आला. वहिनींचे यजमान इथून सात तासांवरच्या गावात शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहेत. लेक दुसरीत, ती तिथेच आजीजवळ असते. शनिवारी दुपारी वहिनी बस धरतात, रविवारी संध्याकाळी परत निघतात. तीन वर्षं त्या बदलीचे अर्ज करत होत्या.

“बाई, झाली तुझी बदली,” मैत्रीण म्हणाली. फोनमधला आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. “ऑर्डर आत्ताच तुमच्या ऑफिसला मेल केलीय. गुरुवारी पाचच्या आत त्याच मेलला उत्तर देऊन संमती कळव. नाही कळवलीस तर तुला नकोय असं धरतात आणि यादीतल्या पुढच्याला देतात.”

“अगं, आमचा मेल उतरत नाहीये. फोनवरच घे ना संमती.”

“फोनला आवक क्रमांक कुठे असतो?”

“मग पुन्हा पाठव.”

“पाठवते. पण तो रांगेत पहिल्याच्या मागेच लागणार ना गं?”

हे अगदी बरोबर होतं. वहिनींनी फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसल्या. घरी मात्र त्यांनी कळवून टाकलं, की मेल आला की मी आलेच. लेकीच्या शाळेमागे रेल्वेचं स्टेशन आहे. तिला मेल म्हणजे एकच माहीत, रुळावरून धावणारी. संध्याकाळी तिचा फोन आला. “आई, तुझी मेल किती वाजता येते? मी बाबांना घेऊन स्टेशनवर येऊ?” वहिनी हसल्या, आणि मग बराच वेळ टेबलाच्या खणात काहीतरी शोधत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. ज्या कुणाचा तो सतरावा मेल होता, त्याला मी मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

मशीन दुरुस्त करणारा गृहस्थ त्याच दुपारी येऊन गेला होता. कुठल्याही दुखण्यावर त्याचा पहिला उपाय बंद करून चालू करणं हा असतो, म्हणून त्याला सगळे चालूबंद म्हणतात. या वेळी त्याने बंद करून चालू केलं, आणि मग काहीतरी आकडे उघडून वाचले.

“सतरावा कुणीतरी लठ्ठ पाठवलाय,” तो म्हणाला. “दारात अडकलाय. हा प्रोग्राम एक मिनिट वाट बघतो, कंटाळतो, लाइन तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सतरावाच ओढायला लागतो. कालपासून हेच चाललंय.”

“पाठवणारा कोण?” साहेबांनी विचारलं.

“इथे वजन दिसतं साहेब, माणूस दिसत नाही.”

“उपाय?”

“दोन आहेत. एक म्हणजे ब्राउझरमधून सरळ सर्व्हरवर जायचं आणि तो मेल काढून टाकायचा. पासवर्ड द्या, दोन मिनिटांचं काम.”

पासवर्ड साहेबांच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात असतो. पाकीट फोडायला मुख्यालयाची लेखी परवानगी लागते. साहेब दूरदृष्टीचे, त्यांनी ती सोमवारीच फोन करून मागितली होती.

“मिळाली?” वहिनींनी विचारलं.

“मिळाली म्हणजे, त्यांनी लगेच दिली. मेलने.”

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. सतरावा उतरत होता.

“बरं, दुसरा उपाय,” चालूबंद म्हणाला. “वाट बघायची मुदत एक मिनिट आहे, ती दहा करायची. इथे या एकापुढे एक शून्य टाकायचं. बस.”

“दहाच का?” साहेब म्हणाले. “आठ का नाही? पंधरा का नाही? उद्या वरून कुणी विचारलं, तर मी काय सांगू?”

चालूबंदने आयुष्यात पुष्कळ शून्यं टाकली असतील, पण त्याचं समर्थन करायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. मग यंत्रणेत फेरफार करण्याआधी तिचा अभ्यास व्हावा म्हणून ‘संथ मेल कारणमीमांसा समिती’ नेमण्यात आली. मेलच्या बाबतीत माझी पाटी कोरी असल्यामुळे सदस्य-सचिव मला केलं.

बुधवारी समितीने जोरात काम केलं, हे मी अभिमानाने सांगतो. ‘आपण मेल का पाठवता?’ अशी एकवीस प्रश्नांची प्रश्नावली आम्ही सर्वांना मेलने पाठवली. छत्तीस जणांनी ती छापून, भरून, सही करून, स्कॅन करून सर्वांना परत पाठवली. दोघांनी प्रश्नावली मिळाली नसल्याचं सर्वांना कळवलं. माझा सुविचार या धामधुमीतही चुकला नाही. अडचणीच्या काळात माणसाला धीराची गरज जास्त असते.

गुरुवारी तीन वाजता समिती ‘एक मिनिट’ म्हणजे नेमकं किती, या मुद्द्यावर होती. तेवढ्यात वहिनी आत आल्या. या बाईंनी तीन वर्षांत कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही चढवला नाही. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर ‘शून्य वाढवण्याची संपूर्ण जबाबदारी माझी’ असं लिहिलं, सही केली आणि साहेबांपुढे सरकवला.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. तीन दिवस ते याच कागदाची वाट बघत होते. त्यांनी कोपऱ्यात ‘पाहिले, माहितीस्तव’ असं लिहिलं. वहिनींनी बोलावून आणलेल्या चालूबंदने शून्य टाकलं. त्याला जेमतेम एक सेकंद लागला.

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. सगळी शाखा आवक टेबलाभोवती गोळा झाली. साडेतीनच्या सुमाराला, नऊ मिनिटांनी, सतरावा संदेश उतरला. साहेब म्हणाले, “उघडा. बघू तरी कोण आहे हा महाभाग.” वहिनींनी उघडला.

डोंगरामागून सूर्य वर येत होता. अप्रतिम फोटो. गवताचं एकेक पातं मोजता येत होतं. खाली पिवळ्या अक्षरांत ‘आपण पाठवलेलं हसू कुठे ना कुठे पोहोचतंच’ आणि त्याखाली माझं नाव, हुद्द्यासकट.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेवटी साहेबच घसा खाकरून म्हणाले, “फोटो छान आलाय हो. मला उतरला नाही वाटतं. परत पाठवा ना, सर्वांनाच.”

पुढचे संदेश भराभर उतरू लागले. अठरा, तीस, पन्नास. पाकीट फोडायची परवानगीही उतरली, पण ती फक्त सतराव्या संदेशापुरती होती, आणि तो तर उतरून गेला होता. मग ‘नोंद घेतली’ सुरू झाले. एकेक सही चित्रासारखी, सावकाश उलगडत खाली यायची. वहिनी खुर्चीच्या टोकावर बसून आकडे वाचत होत्या. चार वाजता १२०. साडेचारला १९०. चार एकावन्नला २३१ वर पट्टी पुन्हा मुंगीच्या पावलावर आली.

चालूबंदने आकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, मंगळवारी फोटो कशाचा होता?”

“सूर्यास्ताचा,” मी म्हणालो. “जरा मोठा आहे.”

“रद्द करता येईल का तो?” वहिनींनी विचारलं.

“केला तर लाइन तुटेल आणि पुन्हा इथूनच सुरू होईल,” चालूबंद म्हणाला.

मग आम्ही सगळे उभे राहून सूर्यास्ताची वाट बघत होतो. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले तेव्हा त्याचा शेवटचा काठ तेवढा उरला होता. पाच वाजून एक मिनिटाने मावळला. त्यानंतरचे सहा मेल लहानसहान होते. पाच वाजून तीन मिनिटांनी २३८ वा उतरला. त्यात वहिनींचं नाव होतं, गावाचं नाव होतं, रुजू व्हायची तारीख होती. वहिनींनी त्याच मेलला उत्तर दिलं, ‘संमती आहे’, आणि मशीन तसंच चालू ठेवून त्या उठल्या.

साडेपाचला लेकीचा फोन आला. मी टेबल आवरत होतो. म्हणजे आवरायचं काही नव्हतं, पण मान वर करायची नव्हती.

“नाही गं बाळा,” वहिनी म्हणाल्या. “मेल चुकली.”

मुख्यालयाचं उत्तर शुक्रवारी सकाळी उतरलं. ‘मुदतीत संमती न कळवल्याने आपणांस बदलीची आवश्यकता नाही असे गृहीत धरण्यात आले आहे. धन्यवाद.’ वहिनींनी त्याला आवक क्रमांक घातला.

समितीचा अहवाल त्याच दिवशी झाला, बासष्ट पानी. सदस्य-सचिवाकडे बोट दाखवणं बरं दिसत नाही, असं साहेबांचं मत पडलं, म्हणून कारणाच्या रकान्यात मी ‘तांत्रिक’ असं लिहिलं. अहवालाची प्रत्येक प्रत छापून, सही करून, स्कॅन करून सर्वांना पाठवण्यात आली. मला लाज वाटली, हे इथे कबूल करतो. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

दुपारी धीर करून वहिनींजवळ गेलो. “वहिनी, चुकलं माझं.”

त्यांनी आधी समोरच्या मेलला क्रमांक घातला. मग म्हणाल्या, “भाऊजी, तीन वर्षं मी तुमच्या सुविचाराला रोज क्रमांक घालतेय. उघडला एकदाही नव्हता. कालचा पहिलाच.”

“पण सगळे तर ‘छान, छान’ असं उत्तर पाठवतात.”

“ते न उघडताही पाठवता येतं.”

त्या दिवशी मी सुविचार पाठवला नव्हता. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी टेबलाशी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना, आज काही आलं नाही. माणसं इतकी वाट बघतात म्हटल्यावर सोमवारी पुन्हा सुरू केला. फोटो आता लहान करतो, मेहुण्याला सांगितलेलं नाही. वहिनींचा नवा अर्ज वर गेला आहे. पुढची यादी वर्षाने लागते. शनिवारी दुपारी त्या बस धरतात.

माझं हसू झालं, तुमची करमणूक झाली, ठीक आहे. पण आज सकाळी तुम्हालाही कुणीतरी एक फूल पाठवलं असेल, आणि ते न उघडता तुम्ही चाळीस जणांकडे ढकललं असेल. ही गोष्टही ढकलाल, सर्वांना, वर ‘छान’ असं लिहून. ढकला, मी कोण अडवणार? फक्त बोट टेकवण्याआधी एकदा रांगेत मागे वळून बघा. तुमच्यामागे सातव्या नंबरावर कुणाची तरी आई उभी असेल.