भालोजी अस्वलाचा टिकाऊ संग्रह

एका जंगलात, जिथे ओढ्याला पाणी कमी आणि प्राण्यांना मतं जास्त होती, भालोजी नावाचं अस्वल राहायचं. त्याला वाईन जमवायचा नाद होता. वाईन म्हणजे काय, हे आईबाबांना विचारू नका, बाळांनो. ते 'खोकल्याचं औषध' म्हणतील आणि खोटं बोलल्याचं पाप तुमच्यामुळे त्यांना लागेल.

त्या जंगलात वाईनचं फॅड दरवर्षी बदलायचं. झाडाच्या शेंड्यावरून वानरं ओरडायची, "यंदा गुलाबी!" की सगळे गुलाबी भरून ठेवायचे. पुढल्या वर्षी, "यंदा फेसाळ!" त्याच्या पुढल्या वर्षी गढूळ. ती गाळलेलीच नसायची, म्हणून तिला नैसर्गिक म्हणायचे आणि दुप्पट मध घेऊन विकायचे. तरसाने तर गुहाभर गुलाबी साठवली. फॅड गेलं, वाईन आंबली. आता तो तिच्यात पाय धुतो.

भालोजी असल्या भानगडीत पडला नाही. "आज गोड लागते ती उद्या टिकत नाही," तो म्हणायचा. "जिने जीभ आखडते ना, तीच धरून ठेवायची."

खडकावरच्या म्हाताऱ्या झाडाची जांभळं त्याने निवडली. ती वेचून आणली त्याच्या लहानपणच्या मित्राने, धोंडू साळिंदराने. दोघांनी मिळून ती तुडवली, बाटल्यांत भरली आणि बुचं ओली राहावीत म्हणून त्या गुहेत आडव्या लावल्या.

"मुरली की पहिला पेला तुझा," भालोजीने शब्द दिला.

धोंडू रोज संध्याकाळी यायचा. अधूनमधून विचारायचा, "उघडायची का रे एक?"

"आज? आज काय आहे?"

"मी आलोय की."

"तू रोजच येतोस."

धोंडूला मुलगी झाली. भालोजी म्हणाला, "अजून तुरट आहे." धोंडू बिबट्याच्या तावडीतून सुटून आला. भालोजी म्हणाला, "जिवंत राहणं हा काही प्रसंग नव्हे." चांगलं ते चांगल्या प्रसंगाला, असा त्याचा नियम होता. तुमच्या घरीही काचेच्या कपाटात तसले कप असतात बघा, ज्यांना हात लावला की धपाटा मिळतो.

संग्रहाची कीर्ती पसरली. खुद्द सिंहमहाराज बघायला आले. बाटल्यांसमोर उभं राहून "वा, वा" म्हणाले. भालोजीने त्यांना कोकम सरबत दिलं.

धोंडू म्हातारा झाला. काटे गळायला लागले. एक दिवस तो आला नाही. त्याची बायकोच धापा टाकत आली.

"भावजी, यांचं काही खरं नाही. घोटभर मागतायत. चला लवकर."

धोंडूवर त्याचा फार जीव होता, ते काही खोटं नव्हतं. तो धावत आत गेला. ही बाटली दोन वर्षांनी ऐन भरात येणार, त्याला वाटलं. ती दुसरी उघडली तर ओळीची शोभा जाणार. शेवटी त्याने काळजावर दगड ठेवून सगळ्यांत उत्तम बाटली काढली.

"द्या इकडे, मी नेते," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी, आडवी होती ती. गाळ हलला असेल. दिवसभर उभी ठेवून गाळ खाली बसायला हवा. धोंडूला काय गढूळ पाजायची? तो काय वानर आहे?"

वहिनी रिकाम्या हातांनी गेल्या.

गाळ अगदी छान बसला. तोवर धोंडू गेला होता.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मुलीने आईला सांभाळायचं वचन दिलं, तरी नाही. दुपार कलली. धोंडूचं काय राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? शेवटी वहिनींनी नुसतं भालोजीकडे पाहिलं.

भालोजी खाली मान घालून गुहेत गेला, बाटली घेऊन आला. दातांनी बूच ओढून काढलं. त्याने पानाच्या द्रोणात वाईन ओतली, पिंडाशी ठेवली आणि हमसून हमसून रडला. "चुकलो रे धोंडू," म्हणाला.

कावळा उतरला. त्याने चोच बुडवली, मान वर करून घोट घोळवला, डोळे मिटले.

"उत्तम आहे," कावळा म्हणाला. "पण घाई केलीत. अजून दोन वर्षं थांबायला हवं होतं."

आणि पिंडाला शिवून उडून गेला.

सगळं जंगल भालोजीकडे बघत राहिलं. तो डोळे पुसत होता. पण खरं सांगू, बाळांनो? तेवढ्या दुःखातही त्याला क्षणभर बरं वाटलं. त्याचाही अंदाज दोन वर्षांचाच होता.

तात्पर्य : वाईन निवडताना क्षणिक फॅडच्या मागे न लागता वर्षानुवर्षं टिकणारीच निवडावी. मित्रही तेवढाच टिकाऊ बघून घ्यावा. शक्यतो कासव.