अप्पांची बिनटमाट्याची मॅक्रोनी

आमच्या शेजारचे शिवलिंगअप्पा मॅक्रोनी उकडलेल्या पाण्यात आपलं धोतर बुडवत. मुलांनो, हसू नका. लातूरला त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे आणि गल्लीतल्या प्रत्येक पाण्याला दोन जन्म तरी घ्यावेच लागत. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं संडासाला. अप्पांचा शोध असा, की मॅक्रोनीच्या पाण्याला भाताच्या पेजेसारखी खळ सुटते. म्हणून ते ती मिठाशिवाय उकडत. मीठ घातलं तर धोतरावर पांढरे नकाशे उमटतात, हे एकदा अनुभवून झालं होतं. तर मीठ नंतर, वरून. धोतराला इतकी कडक खळ असे, की अप्पा दारात येण्याआधी त्यांच्या धोतराचा आवाज येई.

त्या आवाजामागून हाक. "बाई, जरा चाखून सांगा."

मी इंग्रजीची शिक्षिका होते, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळ्या गल्लीची बाईच राहिले. अप्पांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. बायको गेल्यावर ते विकून एकटेच आमच्या शेजारी राहायला आले. लिंगायत घर, मांसमच्छी तर नाहीच. पण अप्पांनी टमाट्यालाही उंबरठा बंद केलेला. भाजीवाली मुद्दाम त्यांच्याच दारापुढे टोपली उतरवी.

"घ्या की अप्पा, लालभडक हायत."

"चुलीतला इंगळ बी लालभडक असतोय. खातीस का?"

तुमची आई, माझी लेक, मला तुमच्या घरून फोनवर म्हणाली होती, की टोमॅटोच्या सॉसशिवाय मॅक्रोनी म्हणजे काही खरं नाही. मी ते अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं पाणी हाय, टमाटे हायत. आपल्याकडं डोकं हाय."

त्या डोक्यातून काय काय निघालं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. पहिली लसणाची. करडईच्या तेलात लसूण लालसर करायचा, त्यात मॅक्रोनी परतायची, वर शेंगदाण्याचं कूट आणि मूठभर कोथिंबीर. फार चांगली लागते. दुसरी सायीची. साय घोटून पातळ करायची, मंद आचेवर मॅक्रोनीत मिसळायची आणि मिरे भरडून घालायचे. हीही चांगली. तिसरी येसराची. येसर म्हणजे आपल्याकडे आमटीला लावतात ते भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ. अप्पांनी ते आमटीच्या हिशेबाने घातलं होतं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पाणी वाया घालू नका, बाई," अप्पा म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "पोरीला तिखट लागंल का हे?"

"कोणती पोरगी?"

तेव्हा मला कळलं, की एवढे दिवस आपण दुसऱ्याच कुणासाठी चाखतो आहोत.

गौरी त्यांची नात, परदेशातल्या मुलाची, महेशची, एकुलती एक. मागे आली होती तेव्हा अप्पांनी टमाट्याच्या चकत्यांवर साखर भुरभुरून तिला आपल्या हाताने भरवल्या. आजोबांच्या मांडीवर बसून तिने सगळ्या खाल्ल्या. थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दवाखान्यात पळवावं लागलं. टमाटा तिला चालत नाही हे सून सांगायला विसरली की अप्पा ऐकायला, याचा निकाल कधीच लागला नाही. तेव्हापासून ती मंडळी आली नव्हती. पोरगी तिकडे मॅक्रोनीवर जगते, एवढं अप्पांना कळलं होतं. यंदाच्या सुट्टीचं विचारल्यावर महेश "बघू" म्हणाला होता. त्या एका "बघू"वर अप्पांचा अख्खा उन्हाळा चालला होता.

"उदगीर जिल्हा होणार म्हणत्यात, बाई. नवा जिल्हा म्हणल्यावर पाणी सोडावंच लागतंय सरकारला. पोरीला तिथं नेऊन नळाचं पाणी दाखवतो."

"लातूर जिल्हा होऊन किती वर्षं झाली, अप्पा? आपला नळ बघा."

"लातूरचं नवंपण सरलं आता."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून नेलं. मुलगा फोनवर दिसणार होता, आणि गौरीला मराठी येत नव्हतं. अप्पांनी सायीची मॅक्रोनी केली होती, मिरे अगदी बेताचे. महेश म्हणाला, "अप्पा, बातम्यांत रोज लातूरच दाखवतात. प्यायलाच पाणी नाही म्हणे. यंदा नको."

"हाव. बरोबर हाय तुझं," अप्पा लगेच म्हणाले. "इथं येऊन काय करणार लेकरू. जरा दाखव की तिला."

गौरी समोर आली. अप्पांनी ताटली फोनपुढे धरली. "सांगा बाई, ह्यात टमाटा न्हाई म्हणावं. आजोबानं बघून केलंय."

मी वर्गात सांगावं तसं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. गौरीने ताटलीकडे पाहिलं, मग अप्पांकडे. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून ती मागे सरकली. "नो, आय डोन्ट वॉन्ट टू गो देअर," ती हातांआडून म्हणाली. महेश घाईघाईने "नंतर करतो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणली?"

"छान दिसतंय म्हणाली. पुढच्या वर्षी येऊन खाईन म्हणाली."

अप्पांनी ताटली खाली घेतली. "तोंडावर हात ठेवला तिनं, बाई. त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

मी ताटली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही. पायरीवर बसून ते खायला लागले. काढा गिळावा तसा एकेक घास. इतक्या दिवसांत मी त्यांना मॅक्रोनी खाताना एकदाही पाहिलं नव्हतं.

"आवडत नाही तुम्हाला?"

"बिलकुल न्हाई. रबर चावल्यावानी लागतंय."

"मग राहू द्या ना, अप्पा."

"असं कसं. लेकराच्या ताटात राहिलेलं आजोबानंच संपवायचं असतंय."

तिने त्याला हातही लावला नव्हता. त्यांचं खाणं होईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.